पहाटेची पंधरा मिनिटं

हे मी माझ्या बायकोला, सुनीतालाही, कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाच नीट कळत नाही.

वाळूजच्या एका कंपनीत मी शिफ्ट सुपरवायझर. बीपी वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज पंधरा मिनिटं मोबाइलवर ऐकत ध्यान करा. पण वेळ कुठून आणायचा? कंपनीच्या बसमध्ये करून पाहिलं — हॉर्न, खड्डे, शेजारच्याच्या गप्पा. जेवणाच्या सुट्टीत पाहिलं — डोळे मिटले की कुणीतरी खांदा हलवायचं. शेवटी पहाटे साडेपाच ठरलं. मागची खोली, कानात हेडफोन, एका बाईचा मऊ आवाज. तेवढी पंधरा मिनिटं माझी. दिवसभरात दुसरं काय होतं माझं?

मग पिशोरहून वडील आले. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. गावी घरात पडले तेव्हापासून तोल जायचा, लक्षात काही राहायचं नाही. मी डोळे मिटले की हे दारात. "नंदू, पाणी दे रं." "नंदू, संडास कुठंय?" रोज. रोज!

त्या पहाटे नळाला पाणी आलं होतं. सुनीता खाली मोटारीपाशी. भाऊ तिसऱ्यांदा आले, चौकटीला धरून उभे राहिले. "नंदू, आरं, लई घाईची लागलीय —"

मी उठलो. दोन्ही हातांनी दार ढकललं, अंगातला सगळा जोर लावून.

सुनीता वर आली तेव्हा मी म्हणालो, वाऱ्यानं आपटलं. पण — चौकटीवरची बोटं मला दिसली होती. दिसली, म्हणूनच तेवढा जोर लावला. हाड मोडल्याचा आवाज हेडफोनमधूनही ऐकू आला. ते किंचाळले, हात ओढून घेत मागं कोसळले. आणि मी काय केलं? दार लावून कडी घातली. आवाज वाढवला. सहा मिनिटं उरली होती. ती पुरी केली.

बाहेर आलो तर भाऊ भिंतीला टेकून बसलेले. हात सदऱ्यात गुंडाळलेला, सदरा रक्तानं भिजलेला, धोतर ओलं. दोन बोटं चेचली होती, एकाचं टोक कापावं लागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, कसं झालं हे?" माझ्या पोरीचं नावही ज्यांना आठवत नव्हतं, ते भाऊ माझ्याकडं बघत म्हणाले, "वारं सुटलं व्हतं, सायेब. दार आपटलं."

त्यानंतर ते अकरा महिने जगले. मला एकदाही हाक मारली नाही. अंथरुणात व्हायचं, तरी सुनीता येईपर्यंत तसेच गप्प पडून राहायचे. पहाटे घर एकदम शांत असायचं. त्या अकरा महिन्यांत माझं ध्यान एक दिवसही चुकलं नाही.