सर्व्हरवरची नजर

पंप बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये मी अकरा वर्षं काढली. कारखाना शहराबाहेर होता, ऑफिस डेक्कनजवळ, आणि आमची खोली तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या टोकाला. आत एसी इतका की मेमध्येसुद्धा मी स्वेटर घालून बसायची. माणसं दोनच, मी आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले एक गृहस्थ. मी त्यांना सर म्हणायची, ते मला मॅडम म्हणायचे. शेवटपर्यंत.

सर शनिवार पेठेतून चालत यायचे. बरोबर नऊला खोलीत शिरायचे आणि एकेका सर्व्हरची तब्येत तपासायचे. डिस्क किती भरली, मेमरी किती वापरात आहे, रात्रीचा बॅकअप झाला की अडकला. बेचाळीस मशीन होती. सगळं एका लांबट वहीत, सुंदर अक्षरात, निळ्या पेनानं लिहायचे. काही बिघडलेलं असलं तर लाल पेन. ऑफिसात लोक चहा घेऊन जागेवर येईपर्यंत सरांचं हे काम संपलेलं असायचं, त्यामुळे ते काम आहे हेच पुष्कळांना माहीत नव्हतं.

माझं घर धायरीत. वडील पोस्टात होते, घरात रोज संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची, अजून होते. पहिल्या दिवशी सरांनी माझं आडनाव दोनदा विचारलं. वर्षभर माझ्या डब्यातलं त्यांनी काही घेतलं नाही, मीही आग्रह केला नाही. मग एका सोमवारी त्यांनी हात पुढे करून माझ्या वांग्याच्या भाजीतली एक फोड उचलली आणि म्हणाले, "तिखट आहे." दुसऱ्या दिवसापासून रोज घ्यायला लागले. त्या वर्षाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

मग नवे आयटी प्रमुख आले. वयानं माझ्याहून लहान, बोलायला मऊ. त्यांनी पहिल्याच महिन्यात ठरवलं की सर्व्हरवर नजर ठेवायचं काम क्लाउडवरच्या एका सेवेकडे द्यायचं. प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा, तो दर मिनिटाला त्या मशीनची माहिती बाहेर पाठवणार, आणि तिकडे ती साठवून, तपासून, कुठलं मशीन पुढे त्रास देणार हे ती सेवा आधीच सांगणार. हे सगळं उभं करायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा एखादं काम नुसतं माझं म्हणून मिळालं होतं. मी सुट्टीच्या दिवशी घरी बसून त्या सेवेची माहिती वाचली. दोन आठवड्यांत बेचाळीस मशीनवर प्रोग्रॅम बसवले, बाहेर जाणारा रस्ता नेटवर्कवाल्यांकडून उघडून घेतला, आणि एका सकाळी पडद्यावर सगळे सर्व्हर दिसायला लागले. त्यातले निम्म्याहून जास्त लाल होते.

म्हणजे बिघडलेले नव्हते. पण मशीन आजारी कधी म्हणायचं, हे त्या सेवेला कोणीतरी सांगावं लागतं, आणि तिचे स्वतःचे नियम आमच्या जुन्या मशीनांना लागू पडत नव्हते. प्रमुख म्हणाले, "सरांबरोबर बसा. त्यांच्या डोक्यात जे आहे ते सगळं सिस्टीममध्ये यायला हवं."

मग तीन आठवडे आम्ही शेजारी खुर्च्या टाकून बसलो. सर वही उघडायचे, पण बघायचे क्वचितच.

"हा महिनाअखेरीला नव्वद टक्क्यांवर जातो. जाऊ दे. त्याच्यावर ओरडायचं नाही."

मी टाइप करायची.

"आणि हा, सर?"

"याची डिस्क साठ टक्के भरली तरी फोन वाजला पाहिजे. जुन्या पंपांची सगळी ड्रॉइंग्ज याच्यावर आहेत. हा एकदम पडत नाही, हळूहळू जातो. लक्षात येईपर्यंत उशीर होतो."

"साठ म्हणजे फारच कमी नाही का?"

"मी साठ म्हणालो. तुम्हाला पटत नसेल तर ऐंशी लिहा, मला काय करायचंय."

मी साठ लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात प्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, काम छान झालंय, ही सेवा सुरू झाली की खोलीत दोन माणसांची गरज राहणार नाही. "तुम्ही राहाल. सरांना महिनाअखेरीला पत्र जाईल. तोवर हे बाहेर जाता कामा नये, नाहीतर ते उरलेली माहिती देणार नाहीत."

मी काय म्हणायला हवं होतं, हे मी नंतर पुष्कळदा मनात म्हणून पाहिलं आहे. त्या वेळी मी "ओके" म्हणाले आणि परत येऊन सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. अजून अकरा मशीन राहिली होती.

दोन दिवसांनी, जिन्यात चहा पिताना सरांनी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलले का ते?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी कपातला उरलेला चहा संपवला आणि म्हणाले, "चला, आज चार मशीन उरकू."

पुढच्या आठवड्यात चाचणी झाली. एखादं मशीन खरंच बंद पडलं तर सेवेला कळतं का, ते बघायचं होतं. प्रमुख आले, आणखी दोघं वरिष्ठ आले. सरांनाच केबल काढायला सांगितली. त्यांनी ती काढली आणि हातात धरून उभे राहिले. थोड्याच वेळात माझा फोन वाजला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"माझ्या आधी कळलं तिला," सर म्हणाले आणि केबल परत लावली.

मग प्रमुखांना संचालकांपुढे सादरीकरण करायचं होतं. त्यांनी मला सरांच्या वहीच्या एका पानाचा फोटो मागितला. कशाला, ते मी विचारलं नाही. सर जेवायला बाहेर गेले असताना मी फोटो काढला आणि पाठवून दिला. सादरीकरणाला आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. पडद्यावर डावीकडे ते पान आलं, वर लिहिलेलं, 'पूर्वी'. उजवीकडे हिरव्या चौकोनांनी भरलेला डॅशबोर्ड, वर 'आता'. लोक हसले. वाईट मनानं नाही, एखादी जुनी वस्तू बघून हसतात तसे. सर माझ्या पुढच्या रांगेत होते. मला त्यांची मान तेवढी दिसत होती.

पत्र मिळालं त्या दिवशी ते खोलीत आले, जागेवर बसले, पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"तीन आठवडे होतील."

"बरं," ते म्हणाले.

त्या दिवशी डबा खायला ते बाहेर गेले. उरलेले सगळे दिवसही. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं की वह्यांचं काय करायचं. कपाटात कितीतरी वर्षांच्या होत्या. प्रमुख म्हणाले, आता काही उपयोग नाही. मी घेऊन जाते म्हणावं असं तोंडावर आलं होतं, पण तो फोटो काढल्यावर ते शोभलं नसतं. जुन्या मॉनिटरांबरोबर वह्या भंगारवाल्याच्या टेम्पोत गेल्या.

मग खोलीत मी आणि तो पडदा. सुरुवातीचे काही महिने बरे गेले. नंतर अलर्ट वाढले. मीटिंगमध्ये, रिक्षात, आईला दवाखान्यात घेऊन बसले असताना, फोन वाजायचा. बहुतेक वेळा काही झालेलं नसायचं. सगळ्यात जास्त ओरडायचं ते ड्रॉइंग्जचं मशीन. एका दुपारी वैतागून मी साठचे ऐंशी केले. त्यासाठी माऊसनं एक रेघ वर ओढावी लागते, तेवढंच.

चार महिन्यांनी ते मशीन गेलं. हळूहळू गेलं, सरांनी सांगितलं होतं तसं. आतल्या फाइली खराब होत होत्या, आणि रोजचा बॅकअप त्याच खराब फाइली इमानेइतबारे उचलत होता. पुष्कळ ड्रॉइंग्ज परत मिळाली नाहीत. कारखान्यातले एक जुने फोरमन फोनवर मला एवढंच म्हणाले, "बाई, तो पंप आता पुन्हा कसा बनवायचा ते सांगा."

चौकशीत प्रमुखांनी सेवेचा आलेख पडद्यावर लावला. सगळं त्यात होतं. रेघ कधी चढायला लागली, कधी साठ ओलांडले, आणि कुठल्या तारखेला, किती वाजता, कोणाच्या नावानं मर्यादा ऐंशी झाली, तेही. मी बघत राहिले. ते सगळं मीच उभं केलं होतं आणि ते अगदी बरोबर चाललं होतं.

त्यावरून मला काढलं असं झालं नाही. काही महिन्यांनी नजर ठेवायचं कामच दुसऱ्या शहरातल्या एका टीमकडे गेलं, ती टीम एकाच वेळी कितीतरी कंपन्यांचे सर्व्हर बघते. कामाची सगळी माहिती मी त्यांना लिहून दिली, पस्तीस पानं. मग माझंही पत्र आलं.

आता मी अशा सेवा बसवून देणाऱ्यांकडे काम करते. एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जाते. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी असतंच, ज्याला मशीन तोंडपाठ असतात. मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकते आणि विचारते. ते सांगतात. चांगलं विचारणारं कोणी फारसं भेटलेलं नसतं त्यांना, म्हणून जरा जास्तच सांगतात. माझे वरिष्ठ म्हणतात की हे काम माझ्यासारखं कोणाला जमत नाही.

ही नोकरी लागल्यावर एकदा मी सरांकडे गेले. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं, मी कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, "या ना, बसा." सर आतून आले. वजन कमी झालं होतं, शर्टाची कॉलर मोठी वाटत होती.

"सध्या काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ड्रॉइंग्जचं मशीन गेलं तेही सांगितलं, आणि साठचे ऐंशी मीच केले होते, तेही. त्यावर ते काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. राग आला असता तर बरं वाटलं असतं.

"हं," ते म्हणाले. "कॉफी घेणार का?"

कॉफी झाली. त्यांनी एकाही सर्व्हरबद्दल विचारलं नाही. गाडी कुठे लावली ते विचारलं, आणि तिथून उचलून नेतात असं सांगितलं. माफी मागायची म्हणूनच मी गेले होते. त्यांच्या पत्नी सगळा वेळ समोर बसून होत्या, पण ते काही कारण नव्हतं. त्या नसत्या तरी मी ती मागितली नसती.

जिन्यापर्यंत ते सोडायला आले.

"पुन्हा याल तेव्हा आधी फोन करा," ते म्हणाले. "नंबर आहे ना?"

"आहे."

त्यांनी दार लावलं. खाली आले तर गाडी जागेवरच होती. त्याला आता दीड वर्ष झालं. नंबर माझ्याकडे आहे, मी फोन केलेला नाही.