बससाठी सुटी नाणी

मंगळवार, सकाळची वेळ. खिशात आठ डॉलरची नाणी. हजर: मी आणि बसचालक.

कॅनडात पहिल्यांदा येणाऱ्यांनी बसभाडं सुट्या नाण्यांत मोजून ठेवावं. चालकाजवळची पेटी उरलेले पैसे परत देत नाही. लेकीच्या या शहरात आधी फ्रेंचमध्ये 'बाँजूर', म्हणजे नमस्कार, म्हणावं, मग बोलावं. अडलं तर माणसं आपणहून इंग्रजीवर येतात. लेक ऑफिसला गेल्यावर मी हे सगळं पाळून बसमध्ये चढलो आणि सवयीने दोघांचं भाडं टाकलं.

चालकाने आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत विचारलं, "बरोबर कोण आहे, साहेब?"

मी मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं, कुणी मागून येतंय. "येऊ द्या सावकाश," म्हणत त्याने दार उघडं ठेवलं. मीही थांब्यावरच्या रिकाम्या बाकाकडे बघत राहिलो.

हिला जाऊन दीड वर्ष झालं. तेवढं सांगण्यापुरतं इंग्रजी मला येतं. पण दार उघडं होतं तोवर सांगावंसं वाटेना.

अखेर मीच म्हणालो, "चला."

पेटीत आठ डॉलर गेले. चार माझे, चार हिचे.