परदेशी गोलंदाज

हिवाळ्यात गाडीचा हीटर पहिल्यांदा लावला की जळक्या धुळीचा वास येतो आणि मला परदेशात आम्ही राहतो त्या ट्रॉय शहरातल्या लायब्ररीचं पार्किंग आठवतं. नोकरी जाऊन आठ दिवस झाले होते. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर व्हिसा संपून देश सोडावा लागणार होता, आणि बायकोला मी काहीच सांगितलं नव्हतं. रोज ऑफिसची बॅग घेऊन निघायचो आणि तिथे गाडीत बसून अर्ज पाठवायचो. उत्तरं येत नव्हती, म्हणून मग इंग्लंडला प्रोजेक्टवर असताना जीव जडलेल्या काउंटी क्रिकेट संघाच्या बातम्या उघडत राहायचो. मोसम संपलेला, पण पुढच्या वर्षी परदेशी गोलंदाज कोण येणार, एवढी एकच चांगली बातमी मला कुठूनतरी येण्यासारखी होती. त्या दुपारी ती आली. मला हवा होता तोच, दोन वर्षांच्या करारावर. सवयीने मी बायकोला फोन लावला. “घेतला त्याला,” एवढं म्हणालो आणि मला रडू फुटलं. तिने विचारलं, “तू ऑफिसात नाहीयेस ना?” “नोकरी गेली गं.” “घरी ये आधी. हळू ड्राइव्ह कर.” पुढे अगदी शेवटच्या आठवड्यात नोकरी मिळाली. तो गोलंदाज त्या मोसमात कसा खेळला, हे मात्र मी आजवर पाहिलेलं नाही.