पाठमोरा कंडक्टर

चामोर्शी-गडचिरोली गाडीच्या त्या कंडक्टरवर माझा पहिल्यापासून संशय होता. एरवी दांड्यावर पंच खटखटवत "सरका नं भाऊ" करत फिरायचा. पण एखादी बाई लेकराला पाजायला बसली, की पंच थांबायचा आणि हा तिच्याच बाकाला टेकून उभा.

एकदा माझंच बाळ भुकेनं रडायला लागलं. त्याला पदराखाली घेतलं, तर हा आलाच. मेल्याला बरोबर वास लागतो! मी पदर आवळला, तसं बाळ आत आणखीच ओरडलं.

तो माझ्याकडे पाठ करून, टक लावून बसलेल्या दोघांकडे रोखून पाहत होता. मान न वळवता म्हणाला, "बाई, लेकराले हवा लागू द्या. पाहनारे आता माह्याकडे पाहून राह्यले."

मी पदर सैल केला. त्याच्या पाठीवरची नजर मात्र काढली नाही.