इंदुबाईंचे विलायती उंदीर

इंदुबाई देसूरकर गुंद या रानातल्या गावी नर्स म्हणून आल्या १९५५ साली आणि तिथून बदलून गेल्या १९६६ला. मधली अकरा वर्षं त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत एकट्या राहिल्या. नवरा लग्नानंतर दोनच वर्षांत विषमज्वरानं गेला होता, मूलबाळ नव्हतं. मी त्यांना ओळखू लागलो ते निवृत्तीनंतर, खानापुरात. बाई कमी बोलायच्या. पण ही हकीकत त्यांनी मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

दवाखाना म्हणजे दोन खोल्यांचं कौलारू घर. पुढं औषधाचं कपाट आणि बाक, मागं बाईंची चूल आणि खाट. डॉक्टर तालुक्याच्या सुप्याहून दर गुरुवारी जीपनं यायचे. बाकीचे सहा दिवस बाळंतपणं, कोयत्याच्या जखमा, ताप, सगळं इंदुबाईंच्या अंगावर. पाणी भरायला आणि झाडलोट करायला पारू नावाची कुणब्याची बाई होती. दवाखान्याच्या मागच्या भिंतीपासून दहा पावलांवर रान सुरू व्हायचं.

इंदुबाईंचा धाकटा भाऊ भिकाजी बेळगावात एका प्रयोगशाळेत जनावरांचे पिंजरे धुवायच्या कामावर होता. १९५७च्या डिसेंबरात तो एसटीनं रामनगरपर्यंत आणि पुढं लाकडं वाहणाऱ्या ट्रकमध्ये बसून गुंदला आला. हातात वेताची टोपली. टोपलीत चार गिनीपिग.

"अक्का, ही आता कामाची न्हाईत म्हणून काढलीत," तो म्हणाला. "मारून टाकणार होते. साहेबाला विचारून आणली. तू एकटी असतीस."

"काय खातात?"

"गवत. पाला. शिट्टी मारतात, ऐक."

आणि खरंच, बाईंनी कोथिंबिरीची जुडी सोडली तशी चौघांनी एकदम बारीक, लांब शिट्टी घातली. तीन माद्या होत्या. पांढरी ती पिठी, तांबूस ती खापरी आणि काळ्या तोंडाची ती काजळी. चौथा नर. त्याला बाई दादू म्हणायच्या. गावानं मात्र त्यांना विलायती उंदीर हेच नाव दिलं.

मार्च महिन्यात पिठीला दोन पिल्लं झाली. पारू पाणी घेऊन आत आली, खोक्यात डोकावली आणि तिच्या हातातली कळशी पडली. पिल्लं तासाभराची होती. पण अंगावर पुरे केस, तोंडात दात, आणि डोळे टक्क उघडे. दोघंही तिच्याकडं बघत होती.

"बाई, ह्येंचं डोळं उघडं हाईत," पारू म्हणाली. "आईच्या पोटातनं बघतच आल्यात ही."

एक पिल्लू त्याच दिवशी गेलं. दुसरं जगलं, नर निघाला. पारूनं इतकी धास्ती घेतली की बाईंनी दोन्ही नरांना वेगळ्या खोक्यात घातलं. पुन्हा पिल्लं नकोत.

पुढचे आठ महिने सगळं बरं चाललं. बाई बाहेरून आल्या की पायरीवर पाऊल पडताच आतून शिट्टी यायची. त्या घरात त्यांची वाट बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

१९५८च्या डिसेंबरात धुकं पडलं. त्या भागात थंडीत धुकं असतंच, पण त्या साली ते उन्हं वर आली तरी हलेना. दुपारी बाराला समोरचा फणस दिसायचा नाही. चुलीचा धूर वर जायच्या ऐवजी खोलीतच साचायचा, गवत दमट यायचं. एका सोमवारी सकाळी इंदुबाईंना खोक्यातून टिक्‌ टिक्‌ असा आवाज ऐकू आला, ओल्या काटक्या मोडाव्यात तसा. त्यांना वाटलं, घड्याळ. घड्याळ तर महिनाभर बंद होतं. तो पिठीचा श्वास होता. नाकाला खपली धरलेली, केस पिंजारलेले आणि प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

न्यूमोनिया माणसात कसा दिसतो ते इंदुबाईंना पाठ होतं. त्यावर काय द्यायचं तेही. पेनिसिलीनच्या त्या लहान बाटलीवर त्यांचा देवाइतका विश्वास होता. गुंद आणि आसपासच्या वाड्यांवरची कितीतरी माणसं त्यांनी त्या बाटलीनं उठवली होती. आदल्या दिवशी एका रोग्यासाठी कालवलेल्या बाटलीत थोडं औषध उरलं होतं, ते दोन दिवसांत टाकूनच द्यावं लागणार होतं. त्यांनी सुई उकळली, पिठीच्या मांडीला स्पिरिट लावलं आणि दोन थेंब टोचले.

मंगळवारी टिकटिक थांबली. पिठीनं पेरूचं पान खाल्लं आणि शिट्टी घातली. बुधवारी तिनं तोंड फिरवलं. गुरुवारी पोट फुगलं, अंग गार पडलं. शुक्रवारी दुपारी पारूनं हाक मारली, "बाई, बरी झाली बघा, दारात येऊन बसलीया."

पिठी गवतातून बाहेर येऊन खोक्याच्या दारापाशी बसली होती, मान वर, डोळे उघडे. पारूनं तिला बोट लावलं आणि किंचाळून मागं सरली. ती लाकडासारखी ताठ झाली होती.

इंदुबाईंना वाटलं, औषध कमी पडलं. तोवर खापरी टिकटिकायला लागली होती. तिला त्यांनी शनिवारी टोचलं, थोडं जास्त. रविवारी खापरी इतकी तरतरीत दिसली की बाईंनी काजळीचाही श्वास बिघडलेला पाहून तिलाही टोचलं. खापरी बुधवारी गेली. काजळी गुरुवारी. दोघी पाचव्याच दिवशी, दुपार कलताना, आणि दोघी खोक्याच्या दारात येऊन, मान वर करून.

"ती तुमच्या हाताकडं बघत मरत्यात, बाई," पारू म्हणाली.

"गप्प बस."

"मी गप्प बसते. पण श्वास आधी परत देतोय आन्‌ मग नेतोय, असं औषध म्या बघितलं न्हाई."

त्या गुरुवारी डॉक्टरांची जीपही आली नाही. संध्याकाळी बाई विहिरीवरून परतल्या. पायरीवर पाऊल टाकलं. आत दोन नर जिवंत होते, पण शिट्टी आली नाही. त्या आत गेल्या तर बाप आणि पोरगा खोक्याच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, श्वास धरून बसलेले. बाईंनी हात आत घातला तसा दोघं थरथरायला लागले. "त्या रात्री मला माझ्याच हाताची किळस आली," बाई म्हणाल्या, "चार वेळा धुतला."

त्यांनी त्याच रात्री भावाला पत्र लिहिलं आणि सकाळी लाकडाच्या ट्रकवाल्याकडं दिलं.

पारू गप्प बसली नव्हती. वाड्या-वाड्यांवर बातमी गेली की नर्सबाईची सुई पाच दिवसांची झालीया. हाताला पू झालेली एक बाई दारापर्यंत येऊन परत गेली. आदल्या आठवड्यात ज्याला सुई दिली होती तो म्हातारा घरच्यांना दिवस मोजायला लावून बसला. त्याला काहीच झालं नाही, पण त्यानं कुणाचं समाधान झालं नाही.

रविवारी सकाळी धुक्यातून धाकलू आला. दोन डोंगर पलीकडं त्याचं घर. घाटीनं तीन तास चालून आला होता.

"अक्का, माझ्या फुलाला बघा. छातीत काय तरी वाजतंय."

"काय वाजतंय?"

"काटक्या मोडल्यागत," धाकलू म्हणाला.

इंदुबाईंनी औषधाच्या कपाटाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "लोक काय म्हणतात ते ऐकलंयस ना?"

"ऐकलंया. पण दुसरं कोण हाय मला?"

बाई बॅग घेऊन त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेल्या. फुला, धाकलूची बायको, पंचविशीची. ती भिंतीला टेकून बसवलेली होती, आडवी झाली की जीव घाबरायचा. ओठ निळे. खोलीत पाऊल टाकताच बाईंना तो आवाज ओळखू आला. सुप्याला न्यायचं तर वाटेतच गेली असती. इंदुबाईंना कळत होतं की आपण शेकडो माणसांना ही सुई दिली आहे आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण बाटलीत पाणी सोडताना निम्मं पाणी सांडलं. त्यांनी सुई दिली. संध्याकाळी पुन्हा दिली. मग धाकलूला म्हणाल्या, "मी इथंच राहते."

"किती दिवस?"

"पाच."

धाकलूनं बाईंसाठी चटई टाकली.

सोमवारी छातीचा आवाज थांबला. फुलानं पेज मागितली आणि हसली. धाकलूही हसला. बाईंना मात्र पिठीनं खाल्लेलं पेरूचं पान दिसत होतं. मंगळवारी फुलानं पेज बाजूला सारली. बुधवारी तिला जुलाब झाले, पोट गच्च झालं, हातपाय गार पडले. बाईंनी बॅग उघडली आणि बंद केली. सुई थांबवावी तर छाती परत भरणार, द्यावी तर... त्यांनी दिली. बाहेर धुकं अंगणापर्यंत आलं होतं. बांधलेली गाय दिसत नव्हती, नुसती घंटा ऐकू येत होती.

गुरुवार, पाचवा दिवस. इंदुबाई सकाळपासून फुलाचा हात धरून बसल्या. दुपार कलली. फुलानं अचानक मान वर केली आणि दाराकडं बघितलं, डोळे सताड उघडे.

"अक्का, उंबऱ्यावर कोण बसलंय?"

"कुणी नाही."

"बसल्यात. तिघं. कालपासनं बसल्यात. पयलं पांढरं, मग तांबडं, मग काळ्या तोंडाचं. माझ्याकडं न्हाई, तुमच्याकडं बघत्यात."

इंदुबाईंनी दाराकडं पाहिलं. उंबऱ्यावर धुकं होतं, बाकी काही नाही. फुलानं ती जनावरं कधी पाहिली नव्हती. गावभर चर्चा होती, तिच्या कानावर रंग पडले असतील, असं बाई मला दर वेळी सांगायच्या. आणि दर वेळी पुढं म्हणायच्या, "पण ओळीनं सांगितले तिनं. ज्या ओळीनं गेली त्या ओळीनं."

बाई उठल्या. काय करायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. त्या उंबऱ्यापाशी जाऊन बसल्या, पाठ फुलाकडं आणि तोंड धुक्याकडं करून, आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं."

तशाच बसून राहिल्या. गायीची घंटा वाजत राहिली. बऱ्याच वेळानं मागून फुलाचा आवाज आला, "भूक लागलीया. सुकी मासळी हाय का घरात?" बाई वळल्या. फुलाच्या कपाळावर घाम फुटला होता आणि हात ऊन लागत होते. ती जगली. पुढं तिला तीन मुलं झाली.

बाई शनिवारी दवाखान्यात परतल्या तेव्हा भिकाजी पायरीवर बसून होता. पत्र मिळताच तो स्वतः आला होता.

"अक्का, आमच्या साहेबांनी कपाळावर हात मारला," तो म्हणाला. "पेनिसिलीन ह्या जनावराला विष हाय. छातीतले जंतू मरतात, पण पोटातले चांगलेही मरतात. त्येंच्यावरच त्येंचं अन्न पचतं. ते गेले की वाईट वाढतात आणि चार-पाच दिवसांत जनावर जातं."

"माणसाला?"

"माणसाला न्हाई. झालं तर पोट बिघडतं."

इंदुबाई पायरीवर बसल्या आणि रडल्या. भिकाजीनं त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हाही नाही.

आत दादूचा आणि पोराचा श्वास वाजायला लागला होता. साहेबांनी कागदावर लिहून दिलं होतं: क्लोरॅम्फेनिकॉल, तेही पोटातून, वजनाच्या मापानं, दिवसातून दोनदा. सोबत आवळ्याचा रस आणि ताजा पाला, कारण आवळ्यातलं सत्त्व हे जनावर स्वतःच्या अंगात तयार करू शकत नाही. कोरडं गवत, धुरापासून लांब. विषमज्वरावरची ती कॅप्सूल कपाटात होती. बाईंनी कॅप्सूल उघडून पूड कागदावर पसरली, सुरीच्या टोकानं सारखे भाग पाडले आणि गुळाच्या पाण्यात कालवून ड्रॉपरनं ओठाच्या कडेनं सोडली. डोळ्यांत औषध घालायचा तो ड्रॉपर होता.

पोरगं दुसऱ्याच सकाळी गेलं, त्याची छाती आधीच भरली होती. दादू मात्र तग धरून राहिला. भिकाजी थांबला. दोघं भावंडं आळीपाळीनं त्याला पाला चारत होती, खाईना तर वाटून भरवत होती. पाचव्या दिवशी दुपारी पारू घरात यायला तयार नव्हती. ती अंगणात उभी राहून विचारत होती, "दारात आलाय का?"

"आलाय," इंदुबाई म्हणाल्या.

दादू खोक्याच्या दारात येऊन बसला होता, मान वर करून. इंदुबाईंनी हात पुढं केला. तो थरथरला, मागं सरला नाही. त्यानं त्यांचं बोट हुंगलं आणि दातात धरून हलकं चावलं.

त्यानंतर बाई ज्याला सुई द्यायच्या त्याच्या घरी पाचव्या दिवशी स्वतः जायच्या, कितीही लांब असो. लोकांना वाटायचं, सरकारचा नियम असेल. काहीजण त्या दिवशी दार लावून घ्यायचे, काहीजण चटई टाकून ठेवायचे. दादू चार वर्षं जगला, म्हातारा होऊन झोपेतच गेला. बेळगावाहून आणखी जनावरं आणू का, असं भिकाजीनं दोनदा विचारलं. बाई नको म्हणाल्या.

फुला बरी झाल्यावर दवाखान्यात एकदाच आली, मोठ्या लेकाला देवी टोचून घ्यायला. इंदुबाईंनी तिला विचारलं, "त्या दिवशी उंबऱ्यावरची ती तिघं उठून कुठं गेली, ते पाहिलंस का?"

फुला म्हणाली, "न्हाई. तुमी मधी बसला. मला दिसलंच न्हाई."