शांतामावशीचं मत

लेक आयर्लंडला नर्स आहे. काल फोनवर म्हणाली, "बाबा, आज इथल्या नगरपालिकेला मत दिलं. नावांपुढं एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे. पहिला हरला तर आपलं मत दुसऱ्याला जातं." मला एकदम हदगावची मतमोजणी आठवली.

वस्तीत नळ यावा म्हणून आई तिथल्या नगरपालिकेला उभी राहिली होती. नवऱ्याच्या हट्टापायी तिची मैत्रीण शांतामावशीही उभी राहिली. माघारीच्या दिवशी आईनं तिचे पाय धरले. "शांते, मतं फुटतील गं. पदर पसरते, माघार घे." मावशी रडत म्हणाली, "घरातून हाकलून देतील मला."

मतं फुटली. तिसरीच बाई निवडून आली. बाहेर गुलाल उडत होता, त्याचा वास घशात बसला होता. आई पायरीवर कोसळल्यासारखी बसली होती. मावशी जवळ येऊन हळूच म्हणाली, "म्या मत तुलाच दिलं, बाई."

"एका मतानं काय व्हतंय आता?" आईनं तिचा हात झिडकारला.

तेव्हा मलाही मावशीचा लई राग आला होता. आता वाटतं, मतदानाच्या त्या आडोशामागं तिचा नवरा नव्हता. आयुष्यात तेवढीच जागा तिची होती, आणि तिथं तिनं आईला निवडलं.