वर्तणुकीच्या रकान्यात 'सेड्युलस'

इंग्रजी विशेषणांवर आमच्या इंग्रजीच्या सरांइतका जीव टाकणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा झाला नाही. सेनगावची एसटी उशिरा आली की लोक तिला शिव्या घालत. सर तिला 'डिलेटरी' म्हणत आणि थांब्यावरच्या माणसांना त्या शब्दाचं लॅटिन मूळ ऐकवत. माझे वडील शेळ्या-मेंढ्या राखत. तुमच्या घोंगडीचा वास 'हर्साइन' आहे, लॅटिनात हिर्कस म्हणजे बोकड, असं सरांनी त्यांना तोंडावर सांगितलं. वडिलांना राग आलाच नाही. त्या लॅटिनवाल्यांकडेही बोकड होते, याचंच त्यांना समाधान वाटलं.

सरांची खरी खोड दाखल्यांची. चारित्र्याचा दाखला इंग्रजीत असे. वर्तणुकीपुढे कुणीही 'गुड' लिहून मोकळं होतं, पण सर प्रत्येक पोराला वर्षभर न्याहाळून त्याचं स्वतःचं विशेषण देत. हेडमास्तर न वाचता सही करत. माझ्या वाट्याला आलं 'सेड्युलस'.

डीएडच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता आणि हिंगोलीच्या खिडकीवरचा बाबू नेमका त्या शब्दावर अडला. पाचच्या आत साधा दाखला आणा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला, म्हणाला. वडिलांनी हळूच विचारलं, "सरानं काहून असं लिवलं? तू काई केलं व्हतं का?" मी पार रडकुंडीला आले. शाळेसमोरच्या दुकानात फोन करून सरांना निरोप धाडला.

साडेचारला सर जीपच्या मागे लटकून आले, काखेत जाडजूड डिक्शनरी. बाबूला त्यांनी आधी 'मेहनती' हा अर्थ दाखवला, मग थेट मुळाशी नेलं. लॅटिनात 'से' म्हणजे विना, 'डोलो' म्हणजे कपटानं. "कपट न ठेवता राबणारं लेकरू हाय हे. आता 'गुड'मधी हे कुठं बसतं, तुमीच सांगा." पाचाला पाच कमी असताना शिक्का पडला आणि माझा जीव भांड्यात पडला. बाबूनं स्वतःसाठीही एक शब्द मागितला, तर सर म्हणाले, वर्षभर बघावं लागेल.

पुढे सर वारल्यावर त्यांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, ती डिक्शनरी मला दिली. 'सेड्युलस'च्या पानात माझ्याच नावाचा दुसरा दाखला निघाला, प्रवेशाच्या त्या शेवटच्या दिवसाच्या तारखेचा, हेडमास्तरांच्या सहीशिक्क्यासकट. वर्तणुकीपुढे सरांच्या अक्षरात 'गुड' लिहिलं होतं. माझी जागा जाऊ नये म्हणून त्यांनी जन्मात एकदाच तो शब्द लिहिला होता. तो दाखला बाहेर काढायची वेळ त्यांच्यावर आली नाही, याचं मला अजून बरं वाटतं.